वनस्पति-आरोग्य प्रमाणपत्र

वनस्पती किंवा वनस्पतिजन्य माल एका देशातून दुसऱ्या देशात पाठविताना त्याची विहित पद्धतीने तपासणी झाली आहे आणि आयात करणाऱ्या देशाने निषिद्ध ठरविलेल्या पीडकांपासून तो मुक्त असल्याचे मानले जाते, असे निर्यात करणाऱ्या देशाच्या शासनाने प्राधिकृत अधिकाऱ्याच्या सहीशिक्क्यानिशी दिलेले लेखी निवेदन म्हणजे वनस्पति-आरोग्य प्रमाणपत्र होय. ‘पीडक’ या संज्ञेत येथे कीटक, माइट, सूत्रकृमी, कवके, सूक्ष्मजंतू, व्हायरस आणि तणे या सर्वांचा समावेश होतो. फळे, भाजीपाला, बियाणे, कलमे, कंद, फुले, धान्य, मसाले, लाकूड इ. अनेक प्रकारच्या मालासाठी हे प्रमाणपत्र लागते. महाराष्ट्रातील द्राक्षे व आंबा यांच्या निर्यातदारांच्या बोलण्यात ते ‘फायटो’ या संक्षिप्त नावाने ओळखले जाते.

मालाची प्रत, त्याचे उगमस्थान किंवा त्यातील कीटकनाशकांचा अवशेष यांविषयीची प्रमाणपत्रे याहून वेगळी असतात. उत्कृष्ट प्रतीच्या फळात निषिद्ध अळी असू शकते आणि डागाळलेले फळ या दृष्टीने निर्दोष असू शकते. हे प्रमाणपत्र निर्यातदाराच्या विनंतीवरून मिळत असले, तरी ते त्याला उद्देशून लिहिलेले नसते. एका देशाच्या वनस्पतिसंरक्षण संघटनेने दुसऱ्या देशाच्या तशाच संघटनेला ते उद्देशून लिहिलेले असते. एका शासनाने दुसऱ्या शासनाला दिलेला शब्द, असे त्याचे स्वरूप आहे. हा शब्द कशाच्या आधारे द्यावयाचा आणि तो कितपत निःसंदिग्ध असावा, या दोन प्रश्नांभोवती या प्रमाणपत्राचा सु. दीडशे वर्षांचा इतिहास फिरतो.

पूर्वपीठिका : वनस्पतींचे देशांतर फार प्राचीन आहे. तथापि शिडाच्या जहाजांच्या काळात दूरच्या प्रवासास मुख्यतः बिया व कंदच टिकत. जिवंत रोपे खाऱ्या वाऱ्याने व गोड्या पाण्याच्या अभावी वाटेतच मरत आणि त्यांच्यावर जगणाऱ्या किडीही त्यांच्याबरोबर नाश पावत. लंडनमधील नॅथॅनिएल वॉर्ड या वैद्याने शोधून काढलेल्या बंद काचपेटीमुळे ही स्थिती पालटली. १८३३ मध्ये अशा पेट्यांतून रोपे सिडनीपर्यंत सुखरूप पोहोचली. पुढे वाफेच्या जहाजांनी अटलांटिक महासागर ओलांडण्याचा काळ काही दिवसांवर आणला. रोपे जिवंत पोहोचू लागली, तशा त्यांच्यावरील किडीही जिवंत पोहोचू लागल्या. आणि नव्या भूमीत त्यांचे नैसर्गिक शत्रू त्यांच्याबरोबर आलेले नसत.

याचा सर्वांत दारुण अनुभव फ्रान्समधील द्राक्षबागायतदारांना आला. १८६० नंतरच्या दशकात ऱ्होन नदीच्या खालच्या खोऱ्यातील वेली कारण न कळता वाळू लागल्या. जुलै १८६८ मध्ये झ्यूल एमील प्लांशाँ हे वनस्पतिवैज्ञानिक व त्यांचे दोन सहकारी यांनी आजारी मळ्यांची पाहणी केली. मेलेल्या वेलींच्या मुळांवर काहीच आढळले नाही. परंतु शेजारच्या, अद्याप जोम धरून असलेल्या वेली उपटल्या, तेव्हा त्यांच्या मुळांवर अतिसूक्ष्म पिवळसर कीटकांचे थर दिसले. वेल मरू लागली की, कीटक तिला सोडून दुसरीकडे जात असल्यामुळे तोपर्यंतच्या पाहणीतून ते निसटले होते. हा फायलोक्झेरा कीटक मूळचा उत्तर अमेरिकेतील असून तिकडून आणलेल्या वेलींबरोबर तो यूरोपात आला होता. अमेरिकेतील अनेक वन्य वेलींची मुळे त्याचा उपद्रव सहन करतात. यूरोपीय वेलीची मुळे मात्र त्याने कुजतात. फ्रान्समधील मद्याचे उत्पादन १८७५ मध्ये सु. ८४५ लाख हेक्टोलिटर होते, ते १८८९ मध्ये सु. २३४ लाख हेक्टोलिटरवर आले. अखेरीस अमेरिकन वेलींच्या खुंटांवर यूरोपीय वेलींची कलमे बांधून मळे पुन्हा उभे करण्यात आले. ज्या आयातीने रोग आला, त्याच आयातीने उपाय पुरविला. त्यामुळे वनस्पतींचा व्यापार सरसकट थांबविणे हिताचे नव्हते आणि मोकळा सोडणेही परवडणारे नव्हते. या पेचातून प्रमाणपत्राची कल्पना पुढे आली.

बर्नचे करार : १७ सप्टेंबर १८७८ रोजी स्वित्झर्लंडमधील बर्न येथे यूरोपातील सात राष्ट्रांनी फायलोक्झेराविरुद्ध करार केला. वनस्पतिसंरक्षणाविषयीचा हा पहिला महत्त्वाचा बहुराष्ट्रीय करार होय. त्याची जागा ३ नोव्हेंबर १८८१ च्या सुधारित कराराने घेतली. या कराराने मद्य, बिया, तोडलेली फुले, भाजीपाला व फळे यांना मुक्त संचार दिला. खाण्याची द्राक्षे पाने व काड्या काढून, पक्क्या बांधलेल्या पण सहज उघडून पाहता येतील अशा पेट्यांतून पाठविण्याची अट होती. द्राक्षवेलीखेरीज अन्य रोपे रोपवाटिकेतून परदेशी पाठविताना मात्र त्यांच्यासोबत पाठविणाऱ्याचे निवेदन व सक्षम अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र आवश्यक ठरले.

या प्रमाणपत्रातील मजकूर लक्षणीय आहे. रोपे ज्या जमिनीतून काढली ती कोणत्याही द्राक्षवेलीपासून निदान २० मी. दूर आहे किंवा मुळांना ओलांडता येणार नाही असा पुरेसा अडथळा मध्ये आहे, त्या जमिनीत द्राक्षवेल नाही, तेथे वेली साठविल्या जात नाहीत आणि पूर्वी तेथे कीडग्रस्त वेली असल्यास त्या समूळ उपटून, वारंवार विषप्रयोग करून व तीन वर्षे तपास करून कीटकांचा पूर्ण नाश झाल्याची खात्री करून घेतली आहे, अशी ग्वाही त्यात द्यावी लागे. म्हणजे हे प्रमाणपत्र रोपाविषयी नसून जागेविषयी होते. मुळाशी दडलेला कीटक रोप पाहून सापडेलच असे नाही, हे फ्रान्समधील अनुभवाने शिकविले होते. म्हणून डोळ्यांच्या साक्षीऐवजी अंतराची व काळाची साक्ष घेण्यात आली. हा विचार शास्त्रीय दृष्ट्या दूरदर्शी होता. मात्र फायलोक्झेरा द्राक्षवर्गीय वेलींवरच जगत असताना गुलाब किंवा शोभेची झुडपे विकणाऱ्या रोपवाटिकाधारकांनाही त्याच्या नावाने दाखले मिळवावे लागत. संरक्षणाचा लाभ एकाला आणि भार दुसऱ्याला, ही या विषयातील कायमची तक्रार येथूनच सुरू होते.

बंदी आणि तपासणी : इतर पिकांबाबत राष्ट्रांनी प्रथम बंदीचाच मार्ग अवलंबिला. कोलोराडो भुंगेऱ्याच्या भीतीने जर्मनीने १८७५ मध्ये अमेरिकन बटाट्यांची आयात थांबविली आणि ब्रिटनने १८७७ मध्ये विनाशकारी कीटकांविषयीचा कायदा केला. कॅलिफोर्नियातील सॅन होसे येथे प्रथम आढळलेल्या खवले-किडीमुळे जर्मनीने १८९८ मध्ये अमेरिकेतील जिवंत रोपे व ताजी फळे यांवर निर्बंध घातले. अशी बंदी टाळावयाची, तर आपल्या मालाविषयी विश्वासार्ह दाखला देणारी यंत्रणा निर्यातदार देशापाशी हवी, ही जाणीव या घटनांनी बळावली. रोपे व कंद यांच्या निर्यातीवर ज्याच्या बागायतीचा मोठा भाग अवलंबून होता, त्या नेदर्लंड्सने १८९९ मध्ये वनस्पतिरोग सेवा स्थापन केली. यान रित्सेमा बॉस हे वैज्ञानिक तिचे पहिले प्रमुख होते. आयात करणाऱ्याची भीती ही निर्यात करणाऱ्या देशात तपासणीची संस्था उभी राहण्यास कारण झाली, याचे हे ठळक उदाहरण होय.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या सुमारास आयातीवर परिणामकारक संघीय नियंत्रण नव्हते. जपानमधून टोकिओ नगरीची भेट म्हणून आलेली चेरीची २,००० झाडे जानेवारी १९१० मध्ये वॉशिंग्टन येथे पोहोचली. कृषिखात्याच्या तज्ज्ञांना ती कीटक व सूत्रकृमी यांनी ग्रस्त असल्याचे आढळले आणि राष्ट्राध्यक्ष टॅफ्ट यांच्या संमतीने २८ जानेवारी रोजी ती जाळण्यात आली. राजकीय दृष्ट्या हा प्रसंग नाजूक होता. परंतु जपानने तो समंजसपणे हाताळला. नवी झाडे विशेष दक्षता घेऊन वाढविण्यात आली आणि १९१२ मध्ये आलेली ३,०२० झाडे निर्दोष ठरली. त्याच वर्षी, २० ऑगस्ट १९१२ रोजी, संयुक्त संस्थानांनी वनस्पति-विलग्नवास अधिनियम संमत केला. १९१९ पासून अंमलात आलेल्या ३७ क्रमांकाच्या आदेशाने तर लागवडीसाठी येणाऱ्या बहुतेक रोपांची मुक्त आयात बंद केली. परदेशी दाखल्यांवर विसंबून राहण्यापेक्षा आयातच अत्यल्प ठेवावी, अशी त्यामागील भूमिका होती.

दाखल्याला उपचाराची जोड मिळाल्यावर या कठोरतेतून वाट निघाली. नार्सिसस फुलझाडाच्या कंदांत शिरणाऱ्या सूत्रकृमींवर जेम्स कर्कम रॅम्सबॉटम यांनी १९१७ मध्ये इंग्लंडमध्ये उपाय शोधला. कंद सु. ४३° से. तापमानाच्या पाण्यात तीन तास ठेवल्यास सूत्रकृमी मरतात व कंद जगतो. संयुक्त संस्थानांनी १९२६ पासून या कंदांवर निर्बंध घातल्यावर या उष्णजल-उपचाराचे महत्त्व वाढले. कोणता उपचार, किती तापमानास व किती वेळ केला, याची नोंद करण्याचे रकाने आजच्या प्रमाणपत्रातही असतात.

आंतरराष्ट्रीय नमुना : प्रत्येक देशाचा दाखला वेगळा, त्याची भाषा व अटी वेगळ्या, यामुळे व्यापारात गोंधळ होई. डेव्हिड लूबिन यांच्या प्रेरणेने १९०५ मध्ये रोम येथे स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय कृषिसंस्थेने हा प्रश्न हाती घेतला. १९१४ च्या आरंभी रोम येथे भरलेल्या परिषदेत कराराचा मसुदा तयार झाला. परंतु त्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाल्याने तो अंमलात आला नाही. १६ एप्रिल १९२९ रोजी रोम येथेच दुसरा करार झाला. त्याचाही प्रसार मर्यादित राहिला.

दुसऱ्या महायुद्धानंतर अन्न व शेती संघटनेच्या १९५१ च्या परिषदेने आंतरराष्ट्रीय वनस्पतिसंरक्षण करार संमत केला व तो ३ एप्रिल १९५२ रोजी अंमलात आला. सदस्य राष्ट्रांपुरता या कराराने बर्न येथील १८८१ व १८८९ चे आणि रोम येथील १९२९ चा हे करार रद्द करून त्यांची जागा घेतली. त्याने प्रत्येक राष्ट्रावर अधिकृत वनस्पतिसंरक्षण संघटना उभारण्याची जबाबदारी टाकली आणि प्रमाणपत्राचा एकच नमुना परिशिष्टात दिला. तपासणी व प्रमाणन हे तांत्रिक पात्रता असलेल्या व रीतसर अधिकार दिलेल्या अधिकाऱ्यांनीच करावे आणि आयात करणाऱ्या देशाला ते भरवशाने स्वीकारता यावे, असे या कराराचे सूत्र आहे. प्रमाणपत्रातील अप्रमाणित खाडाखोडीने ते रद्दबातल ठरते.

नमुन्याच्या शब्दरचनेत झालेले बदल बोधप्रद आहेत. १९५१ च्या नमुन्यात तपासणाऱ्याच्या समजुतीप्रमाणे माल हानिकारक रोग व कीड यांपासून बव्हंशी मुक्त असल्याचे म्हटले होते. १९७९ च्या सुधारणेत दोन वर्ग पाडण्यात आले : विलग्नवासाच्या कक्षेत येणाऱ्या पीडकांपासून माल मुक्त मानला जातो आणि इतर हानिकारक पीडकांपासून तो व्यवहारतः मुक्त आहे. १९९७ च्या सुधारणेत आयात करणाऱ्या देशाने नावानिशी निर्दिष्ट केलेल्या पीडकांपासून माल मुक्त मानला जातो व तो त्या देशाच्या प्रचलित अटींना धरून आहे, एवढेच विधान आवश्यक राहिले. इतर पीडकांविषयीचे वाक्य ऐच्छिक झाले. या प्रमाणपत्रामुळे संघटनेवर वा तिच्या अधिकाऱ्यांवर कोणतेही आर्थिक दायित्व येत नाही, असे कलमही त्यात घालता येते. ‘मुक्त आहे’ असे न म्हणता ‘मुक्त मानला जातो’ असे म्हणण्यात पळवाट शोधलेली नाही. तपासणीच्या मर्यादेची ती प्रामाणिक कबुली आहे. त्याच वेळी, पीडकांची नावे स्पष्ट करण्याचे बंधन आल्यामुळे आयात करणाऱ्या देशाला मोघम भीतीच्या आधारे माल अडविणे अवघड झाले. १ जानेवारी १९९५ पासून जागतिक व्यापार संघटनेच्या आरोग्यविषयक कराराने असे निर्बंध शास्त्रीय पुराव्यावर आधारलेले असावेत, हे तत्त्व बंधनकारक केले.

भारतातील इतिहास : या विषयात भारताची भूमिका दुहेरी राहिली आहे. कापसावरील गुलाबी बोंडअळीचे पहिले शास्त्रीय वर्णन १८४३ मध्ये सॉन्डर्स यांनी भडोच भागातील कापसावरून केले. ही अळी १९०६-०७ च्या सुमारास भारतातून गेलेल्या सरकीबरोबर ईजिप्तमध्ये पोहोचली आणि तेथील सरकीतून १९११ मध्ये मेक्सिकोत व १९१७ पर्यंत टेक्ससमध्ये गेली, असे मानण्यात येते. सरकीच्या दोन दाण्यांचा जोड करून त्यात ती सुप्तावस्थेत राहते. त्यामुळे वरवर पाहणाऱ्यास ती दिसत नाही. भारतीय उपखंडातील साठवणीच्या धान्यावरील खापरा भुंगेराही असाच दूरवर पसरला. १९५३ मध्ये तो कॅलिफोर्नियात आढळल्यावर त्याच्या निर्मूलनासाठी तेथे अनेक वर्षे मोहीम चालवावी लागली.

याउलट, कापसाच्या बोंडांतील मेक्सिकन सोंड्या भुंगेरा अमेरिकन कापसातून भारतात येईल, या भीतीने १९०६ मध्ये अशा कापसाच्या धुरीकरणाची व्यवस्था करण्यात आली. मुंबई बंदरात उतरणाऱ्या अमेरिकन कापसाच्या गाठींना हायड्रोसायानिक अम्लवायूची धुरी दिली जाई. हा भुंगेरा भारतात स्थिरावला नाही. १९१४ मध्ये विनाशकारी कीटक व पीडक अधिनियम संमत झाला. त्याचा रोख मुख्यतः आयातीवर व प्रांतांतर्गत प्रसारावर होता. १९४६ मध्ये केंद्रीय वनस्पतिसंरक्षण, विलग्नवास व साठवण संचालनालय स्थापन झाले आणि १९५२ मध्ये भारत आंतरराष्ट्रीय करारात सामील झाला. आयातीविषयीचे १९८४, १९८९ व २००३ चे आदेश १९१४ च्याच अधिनियमाखाली काढण्यात आले. निर्यातीसाठी प्रमाणपत्रे देण्याचा अधिकार केंद्राच्या विलग्नवास केंद्रांतील अधिकाऱ्यांखेरीज राज्यांच्या कृषिखात्यांतील अधिसूचित अधिकाऱ्यांनाही देण्यात आला. त्यामुळे द्राक्षासारखा नाशवंत माल उत्पादनाच्या जिल्ह्यातच तपासून घेता येऊ लागला.

तपासणीची पद्धती : निर्यातदार मालाचे नाव, वनस्पतीचे शास्त्रीय नाव, परिमाण, वेष्टनांची संख्या व खुणा, उगमस्थान, वाहतुकीचे साधन, प्रवेशाचे बंदर आणि मालग्राहक यांचा तपशील देऊन अर्ज करतो. अधिकारी आयात करणाऱ्या देशाच्या अटी पाहून मालातून नमुने काढतो व भिंगाखाली तपासतो. जरूर तेथे फळे कापून पाहतात, बियाणे प्रयोगशाळेत पाठवितात किंवा मालाला धुरी देतात. विशिष्ट पीडकाविषयी वेगळी ग्वाही मागितली असल्यास ती ‘अतिरिक्त निवेदन’ या रकान्यात लिहितात. तपासणीनंतर माल सीलबंद राहावा व त्याची अदलाबदल होऊ नये, याचीही दक्षता घ्यावी लागते. परदेशातून आलेला माल तिसऱ्या देशात पाठविताना फेरनिर्यातीचे वेगळे प्रमाणपत्र असते.

सर्व माल तपासणे अशक्य असल्यामुळे निष्कर्ष नमुन्यावर अवलंबून राहतो. मोठ्या मालातील दर शंभर फळांत एक फळ किडके आहे, असे समजू. यदृच्छया निवडलेली ३०० फळे तपासली, तर निदान एक किडके फळ हाती लागण्याची संभाव्यता सु. ९५ टक्के असते. हेच प्रमाण हजारात एक असल्यास तेवढ्याच तपासणीत कीड उघड होण्याची संभाव्यता सु. २६ टक्क्यांवर येते. म्हणजे अधिकाऱ्याने आपले काम चोख केले, तरी असा माल बहुधा निर्दोष म्हणून पुढे जाईल. शिवाय काही पीडक बाहेरून दिसतच नाहीत. आंब्याच्या कोयीतील सोंड्या भुंगेऱ्याची अळी कोवळ्या फळात शिरते. पुढे फळ वाढते, छिद्र बुजते आणि फळ वरून निर्दोष दिसते. फळमाशीने नुकतीच अंडी घातलेले फळही असेच फसवे असते.

आंब्याचा अनुभव : यामुळे आंब्याच्या बाबतीत तपासणीपेक्षा उपचारावर भर देणे भाग पडले. संयुक्त संस्थानांत भारतीय आंब्याची आयात दीर्घ काळ बंद होती. ती २००७ मध्ये प्रारणनाच्या अटीवर खुली झाली. त्या वर्षीचे आंबे नाशिक जिल्ह्यातील लासलगाव येथील, मूळतः कांद्यासाठी उभारलेल्या, ‘कृषक’ प्रारणन केंद्रात निदान ४०० ग्रे मात्रा देऊन पाठविण्यात आले. या उपचाराने कीटक तत्काळ मरतोच असे नाही. त्याची पुढील वाढ किंवा प्रजनन थांबते. बंदरात एखादी जिवंत अळी सापडली, तरी प्रमाणपत्र खोटे ठरत नाही. पीडकाचा अभाव हा प्रमाणपत्राचा मूळ आशय. त्याच्या जागी पीडक नव्या भूमीत रुजणार नाही, हा आशय येथे आला.

यूरोपातील अनुभव कटू होता. २०१३ मध्ये भारतातून यूरोपीय संघात गेलेल्या फळांच्या व भाज्यांच्या २०७ खेपांत फळमाश्या व इतर पीडक आढळले. भारताच्या निर्यात-प्रमाणन व्यवस्थेत उणिवा असल्याचे कारण देऊन संघाने १ मे २०१४ पासून आंबा, वांगे, कारले, पडवळ व अळू यांची आयात बंद केली. ऐन हंगामात झालेल्या या निर्णयाची झळ कोकणातील हापूसच्या व्यापारास लागली. बंदी देशावर असल्यामुळे ज्याची बाग स्वच्छ होती, त्या बागायतदारालाही तीतून सूट नव्हती. प्रमाणपत्र शासनाच्या नावाने दिले जाते; त्यावरील विश्वास उडाला की, शिक्षाही साऱ्या देशाच्या उत्पादकांना वाटून घ्यावी लागते, हे यावरून स्पष्ट झाले. यानंतर यूरोपकडे जाणारी फळे व भाज्या मान्यताप्राप्त पॅकहाउसमध्ये विलग्नवास अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली तपासूनच पाठविण्याचा दंडक घालण्यात आला. आंब्यासाठी सु. ४८° से. तापमानाच्या पाण्यात एक तास ठेवण्याचा उपचार स्वीकारण्यात आला. आंब्यावरील बंदी मुदतीपूर्वी, २०१५ च्या आरंभी, उठली.

अलीकडील घडामोडी व मूल्यमापन : आंतरराष्ट्रीय मानकांमुळे प्रमाणनाचा पाया एकेका खेपेच्या तपासणीकडून संपूर्ण उत्पादन-साखळीकडे सरकला आहे. नोंदणीकृत बागा, हंगामभर फळमाशीच्या सापळ्यांची पाहणी, पीडकमुक्त क्षेत्रे आणि पॅकहाउसमधील नोंदी यांच्या आधारे अखेरचा कागद लिहिला जातो. २० मीटरच्या अंतराची व तीन वर्षांच्या तपासाची अट घालणाऱ्या १८८१ च्या कराराचे मूळ तत्त्व अशा रीतीने अधिक व्यापक स्वरूपात परत आले आहे. लाकडी वेष्टनांच्या बाबतीत २००२ च्या मानकानुसार प्रमाणपत्राऐवजी उष्णता किंवा धुरी दिल्याचा ठसा लाकडावरच उमटविण्यात येतो. बनावट सह्याशिक्के व वाटेत हरवणारे कागद यांवर उपाय म्हणून इलेक्ट्रॉनिक प्रमाणपत्रे प्रचारात आली असून त्यांविषयीचे परिशिष्ट २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकास जोडण्यात आले. त्यामुळे एका संघटनेकडून दुसऱ्या संघटनेकडे निवेदन थेट पाठविता येते.

या प्रमाणपत्राचा उपयोग व्यापारातील अडथळा म्हणून केला जातो, असा आक्षेप विकसनशील देश घेतात. उपचारकेंद्रे, प्रयोगशाळा व प्रशिक्षित निरीक्षक यांचा खर्च मोठा असून तो लहान उत्पादकांस सहज पेलत नाही, हे खरे आहे. परंतु प्रमाणपत्र नसते, तर आयात करणाऱ्या देशापुढे सरसकट बंदीचाच पर्याय उरला असता, हेही इतिहास दाखवितो. ज्या देशाला आपला आंबा बाहेर पाठवावयाचा असतो, त्यालाच बाहेरून येणारी रोपे व बियाणे यांपासून आपली शेती राखावयाची असते; म्हणून दुसऱ्याला दिलेला दाखला काटेकोर असणे हे त्याच्याही हिताचे ठरते. माध्यम कागदी असो वा इलेक्ट्रॉनिक, प्रमाणपत्रातील विधान मात्र बागेत सापळे पाहणाऱ्याच्या, पॅकहाउसमध्ये भिंगाखाली फळ धरणाऱ्याच्या आणि दोष आढळल्यास सही नाकारणाऱ्या अधिकाऱ्याच्या दक्षतेवरच आधारलेले असते.